रज्जाकचाचांचे चौदा आटे

आमच्या गावात काल-परवापर्यंत नळाला पाणी किती जोरात येणार हे धरणावर अवलंबून नव्हतं, विजेवर नव्हतं आणि सरपंचावर तर नव्हतंच नव्हतं. दुसरीतला एखादा पोट्टा त्या दिवशी शाळेत आला की नाही, यावर ते अवलंबून असायचं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मीही हसले असते, पण या भानगडीची सुरुवात माझ्याच तोंडाने झालेली आहे, त्यामुळे मला हसायची सोय नाही.

मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सुलतानपूरहून आत वळलं की खड्डे चुकवत चुकवत जिथे कंबर दुखायला लागते, तिथे आमचं गाव येतं. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, त्रेचाळीस मुलं. दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक. ते दिवसभर मोबाइलवर वरून मागितलेली माहिती भरत असतात, म्हणून जिवंत मुलांचा कारभार माझ्याकडे. स्वभावाने मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा बरं.

आणि रज्जाकचाचा म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचे नळवाले. रोज सकाळी परिपाठ संपला की शाळेच्या खिडकीत आधी एक लोखंडी दांडा उगवतो, मग त्यामागे चाचांचं डोकं. तो दांडा म्हणजे व्हॉल्व्हची चावी, चांगली चार फूट लांब, वर आडवी मूठ. ती खांद्यावर घेऊन चाचा विचारतात, "मॅडम, पटावर किती, हजर किती?"

मी सांगते, "त्रेचाळीस, एक्केचाळीस."

"दोन कोन?"

मी नावं सांगते. चाचा ती दोन नावं पुटपुटत निघून जातात. हे रोजचं. रविवारीही त्यांना चैन पडत नाही. एका रविवारी ते बंद खिडकीशी येऊन उभे राहिलेले मुख्याध्यापकांनी स्वतः पाहिलेत.

हा प्रश्न त्यांच्या जिभेवर इतका बसलाय की तो कुठेही बाहेर पडतो. पाटलांच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड अपेक्षेपेक्षा जास्त आलं, स्वयंपाक पुरतो की नाही म्हणून मुलीचा बाप आधीच घामाघूम, आणि चाचा त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "पटावर किती, हजर किती?" बाप रडायच्या बेतात आला. मतदानाच्या दिवशी त्यांनी केंद्रातल्या साहेबाला हेच विचारलं, तर पोलिसाने त्यांना बाहेर आणून पाणी पाजलं. जुम्म्याच्या नमाजनंतर मौलवीसाहेबांनाही विचारलं. मौलवीसाहेब भला माणूस, त्यांनी मोजून सांगितलं.

दिसायला चाचा काटक, साठीला टेकलेले. पायजम्याचा उजवा पाय कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेला आणि तरीही ओला. डावा सोडलेला आणि कोरडा ठणठणीत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. "व्हॉल्व्ह उजव्या अंगानं गळते," म्हणाले. यापलीकडे काही सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही.

व्हॉल्व्हबद्दल मात्र ते सोयऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. गावात पाच वेटाळं आहेत. वेटाळ म्हणजे आमच्याकडची वस्ती: मशिदीचं, बुद्धविहाराचं, बाजाराचं, पाटलांचं आणि टेकडीवरचं. प्रत्येकाला एक व्हॉल्व्ह, प्रत्येकाला पाचव्या दिवशी पाणी. बाजाराचा व्हॉल्व्ह मुका, कारण तो उघडला तरी आवाज करत नाही. टेकडीचा दमेकरी. पाटलांचा खानदानी, त्याला आधी दोन वेळा चुचकारावं लागतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला चावीचे चौदा वेढे द्यावे लागतात. चाचा त्याला चौदा आटे म्हणतात. हे चौदा आटे पुढे गावाच्या उरावर बसले, ते कसे ते सांगते.

चार वर्षांपूर्वी मी या शाळेत बदलून आले तेव्हा हजेरीची दैना होती. त्रेचाळीसपैकी पस्तीस, कधी चौतीस. बरं, रोज तीच मुलं गैरहजर असती तर मी त्यांच्या घरी जाऊन बसले असते. इथे रोज वेगळी! आज ही आठ, उद्या ती सात. सोमवारी न येणारी मंगळवारी हसत हसत हजर. कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच, "काम व्हतं." सात वर्षांच्या पोरीला कसलं गं काम, असं मी ओरडायची. त्या पोरी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभ्या राहायच्या.

मग मी प्रशिक्षणात शिकवलेले सगळे उपाय केले. चांदण्या चिकटवल्या, टाळ्या वाजवल्या, पुठ्ठ्याचे मुकुट केले. लागोपाठ तीन दिवस आलं की सोनेरी कागदाचा मुकुट आणि 'हजेरीची राणी' किंवा 'हजेरीचा राजा' असा किताब. मुकुट मुलांना फारच आवडले. एका मंगळवारी मी दुसरीतल्या एका पोरीला राणी केलं आणि बुधवारी राणीच गैरहजर! मी तणतणत तिच्या घराकडे निघाले. बुद्धविहाराजवळच्या नळावर दहा-बारा पोरींची रांग लागली होती आणि रांगेत आमची राणी मुकुट घालून हंडा भरत होती.

"काऊन गं? शाळा?"

"आज आमचं पाणी हाय, मॅडम."

"आई कुठाय?"

"सोंगणीले गेली. सोयाबीन हाय ना."

मी मग तशीच शाळेत परत आले, हजेरीपट काढला आणि वेटाळांप्रमाणे नावं मांडली. सगळं लख्ख दिसलं. ज्या वेटाळाचं पाणी, त्या वेटाळाची पोरं घरी. टाकी सकाळी दहाच्या सुमाराला भरायची, भरली की चाचा लगेच व्हॉल्व्ह उघडायचे, आणि त्या वेळी मोठी माणसं रानात. पाचव्या दिवसाचा फेरा असल्याने वार बदलत राहायचा, म्हणून इतके महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्यांचं पाणी रविवारी यायचं, तेवढेच नशीबवान.

तापट माणसाने अशा वेळी पाणी पिऊन शांत व्हावं म्हणतात. मी कागद घेऊन थेट बाजारात गेले. चाचा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात अर्धे वाकलेले होते.

"चाचा, तुम्ही माझी शाळा बंद पाडून राह्यले!"

चाचा वर आले. "म्या? म्या तं तुमच्या शाळेच्या आंगानं पाह्यत बी नाही, मॅडम. म्या पानी सोडतो. पोट्टे नाही अडवत."

"हे वाचा."

"मले वाचता नाही येत. तुम्हीच वाचा."

मी भर बाजारात, भाजीवाल्यांच्या देखत, मोठ्याने वाचलं. सोमवारी या वेटाळाची ही नावं, मंगळवारी त्या वेटाळाची ती. चाचा आधी कंबरेवर हात ठेवून ऐकत होते. तिसऱ्या दिवसाची नावं आली तसे हात खाली आले.

"पोरीच लय हाये त्याच्यात," ते म्हणाले.

"हो. पोरीच आहेत."

चाचांनी चावी खांद्यावर टाकली आणि चालू पडले. मला वाटलं, म्हातारा रागावला, आता ग्रामपंचायतीत माझी तक्रार जाणार. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपला आणि खिडकीत तो दांडा पहिल्यांदा उगवला. "मॅडम, पटावर किती, हजर किती?"

त्या दिवसापासून गावात पाणी शाळा सुटल्यावर येऊ लागलं. चाचांनी कोणाला विचारलं नाही, ठराव नाही, नोटीस नाही. टाकी भरली की तिच्या सावलीत बसून राहायचे. कोणी म्हटलं, "चाचा, सोडा ना पानी," तर म्हणायचे, "पानी पळून नाही जाऊन राह्यलं. घंटी होऊ द्या." पाच वाजता आमची घंटा झाली की चाचा उठायचे. आठवडाभरात हजेरी चाळीसवर गेली. मुख्याध्यापकांना वाटलं मोबाइलमध्येच काहीतरी बिघडलंय.

इथे थांबले असते तर ते चाचा कसले! चाळीस म्हणजे तीन कमी. तीन का कमी, हे त्यांना सहन होईना. मग आट्यांचा कायदा निघाला. ज्या वेटाळाचं पाणी असेल, त्या वेटाळातली सगळी लेकरं शाळेत असली तर पूर्ण चौदा आटे. एक पोरगं बिनकारणी घरी, एक आटा कमी. दोन घरी, दोन कमी. बारा आट्यांवर टेकडीला पाणी करंगळीएवढं चढतं. चाचा प्रत्येक वेटाळात जाऊन हे शांतपणे सांगून आले.

मग काय विचारता! मुलं शाळेत आणायचं काम माझ्या हातून सुटलं आणि गावातल्या सगळ्या बायांच्या हातात गेलं. सकाळी दहा वाजता शेजारीण शेजारणीचं पोर बखोटीला धरून आणू लागली. एक आजी दुसऱ्याच्या नातवाला फरफटत घेऊन आली आणि म्हणाली, "हे घ्या आमचं पानी." मशिदीच्या वेटाळात एक पोरगं कमी पडत होतं, तर त्यांनी चार वर्षांचं शेंबडं पोर आणून पहिलीत बसवलं. पाटलांच्या वेटाळाने पाहुणा आलेला भाचा पाठवला. तो सहावीत होता आणि आमच्या बाकात त्याचे गुडघे मावेनात. मी दोघांना परत पाठवलं, तर बाया माझ्याशीच भांडल्या.

आणि मग गालफुगीचं झालं. बाजार वेटाळातल्या एका पोराचे दोन्ही गाल टम्म सुजले होते. त्याच दिवशी त्यांचं पाणी. त्याच्या काकूने त्याच्या तोंडाला मफलर गुंडाळून त्याला शाळेत आणून सोडलं आणि बजावलं, "तोंड उघडू नको." पोराने दिवसभर तोंड उघडलं नाही. मी त्याला शहाणं समजून पुढच्या बाकावर बसवलं. पंधरा-वीस दिवसांनी अर्धी शाळा गाल धरून घरी होती. पटावर त्रेचाळीस, हजर बावीस. चाचा खिडकीत आकडा ऐकून इतके खचले की खाली ओट्यावरच बसले.

त्यानंतर आजारपणाची सवलत निघाली. पोर आजारी असेल तर सकाळी टाकीपाशी आणून दाखवायचं. चाचा म्हणत, "जीभ काढ." जिभेवरून त्यांना ताप, पोटदुखी आणि खोटं बोलणं, तिन्ही ओळखता येतं म्हणे. खरं आजारी निघालं तर पूर्ण चौदा आटे, वर पोराला एक पेरू.

मला हे सगळं पटत नव्हतं. हजेरी वाढत होती, माझं नाव होत होतं, तरी पटत नव्हतं. एका संध्याकाळी मी त्यांना गाठून सांगितलं, "चाचा, एका पोरासाठी तीस घरांचं पाणी कमी करणं चूक आहे. त्यात म्हातारी माणसं आहेत, बाळंतिणी आहेत. त्यांचा काय गुन्हा?"

"मंग तुमच्या त्या मुकुटानं येऊन राह्यले होते काय पोट्टे?"

झालं! माझं डोकं फिरलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खिडकीत दांडा दिसला की आकडा पाटीवर लिहून पाटी वर धरायची. त्यांना आकडे तेवढे वाचता येतात. नवव्या दिवशी ते म्हणाले, "बरं, आतापासून अर्धा आटा." माझ्या आठ दिवसांच्या अबोल्यातून गावाला अर्धा आटा मिळाला.

पण अर्ध्या आट्यानेही घात व्हायचा तो झालाच. आमचे उपसरपंच पाटलांच्या वेटाळात, अगदी शेवटच्या नळावर राहतात. त्यांच्या म्हशी आहेत, आणि म्हशींना पाणी सकाळी लागतं, म्हणून ते आधीच धुमसत होते. त्यात त्यांच्या भावकीतली सहा पोरं बीबी गावाला लग्नाला गेली आणि चार दिवस मुक्काम ठोकून राहिली. चाचांनी हिशेबाने तीन आटे कमी केले. उपसरपंच अंगणात नळाखाली डोक्याला साबण लावून बसले होते. पाणी आधी बारीक झालं, मग थेंब थेंब, मग तेही नाही. डोळ्यात साबण घेऊन ते तसेच ग्रामपंचायतीत आले. कानामागचा फेस मी स्वतः पाहिला.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय लागला: नळवाल्याची मनमानी. एक तर पूर्वीसारखं सकाळी, टाकी भरली की लगेच पाणी सोडायचं, नाही तर चावी खाली ठेवायची. चावी घ्यायला उपसरपंचांचा माणूस तयारच होता.

मला मनापासून भीती वाटली. चाचांचं दुसरं आहे काय? बायको वारलेली. एकच मुलगी, शबाना, ती रोहिणखेडला दिलेली. टाकीला लागून एक खोली, त्यात हा माणूस आणि ती चावी. चावी गेली तर सकाळी उठायला त्यांना कारण उरलं नसतं. मी त्यांना म्हटलं, "चाचा, तुमच्या नोकरीचं एकच वर्ष राहिलंय. वर्षभर सकाळी सोडा. मी पोरांचं काही तरी बघते."

"सकाळी सोडलं तं हजर किती राह्यतील?"

"पस्तीस," मी म्हटलं.

"मंग?" ते म्हणाले. "घेतील तं घेऊ द्या चावी."

ग्रामसभेच्या चार दिवस आधी शबाना माझ्याकडे आली. तिशीची असेल, बुरख्याचा नकाब मागे टाकलेला, हातात कागदांची पिशवी. कुठल्याशा कागदावरची जन्मतारीख चुकली होती म्हणून तिला शाळेचा दाखला हवा होता. चाचा तिला सोडायला आले होते, पण फाटकाबाहेर पाठ करून उभे राहिले. रोज खिडकीत डोकं घालणारा माणूस त्या दिवशी आत पाहीना.

मी जुनं रजिस्टर काढलं. नाव सापडलं. जन्मतारीख होती. पुढे, शाळा सोडली तेव्हाची इयत्ता: तिसरी. शाळा सोडण्याचं कारण: सततची गैरहजेरी.

"काय लिहेल हाय?" तिने विचारलं. मी वाचून दाखवलं.

ती खळखळून हसली. "सततची! हाव, खरं हाय. मी अब्बासंगं पान्यावर राहो ना. अब्बा व्हॉल्व्हपाशी अन् मी शेवटच्या नळापाशी. पानी तिथलोक पोचलं का नाही, अब्बाले कसं कळन? मंग मी ओरडायची, आलंऽऽ! माहा आवाज लय मोठा होता मॅडम. टेकडीवरून ओरडली का विहारालोक जाये."

"पण पाणी तर पाचव्या दिवशी असायचं ना?"

"लोकायचं पाचव्या दिवशी. आमचं रोज. रोज वेगळं वेटाळ." तिचे डोळे चमकत होते. "लय मजा ये. सारे म्हनत, रज्जाकची पोरगी म्हंजे भोंगा हाय. आता काय, शेवटच्या घरचे मिस कॉल देतात."

बाकीच्या मुली पाच दिवसांतून एकदा घरी राहायच्या. ही पाचही दिवस. आणि तिला त्याचा राग नव्हता, गंमत वाटत होती.

दाखल्याच्या अर्जावर तिने सही केली. जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर जोडत, 'शबाना' एवढंच. मग अर्ज माझ्यापुढे सरकवला. "बाकीचं तुम्हीच भरा. घरी माहा लेक भरून देते, दुसरीत हाय, पन तो लय खाडाखोड करते."

मी अर्ज भरला. माझ्या हातून मात्र दोनदा खाडाखोड झाली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणातच झाली. झेंडावंदन आटोपलं, मुलं चॉकलेट घेऊन पांगली, मोठी माणसं सतरंजीवर बसली. उपसरपंच चांगले बोलले. चुकीचंही बोलले नाहीत. पाणी सगळ्यांचं आहे, ते हजेरीवर मोजायचा अधिकार नळवाल्याला कोणी दिला, हा प्रश्न माझाही होता. मग त्यांनी चाचांकडे बोट केलं. "तुमचं काय अडलं हो त्या हजेरीपायी? तुमचं तं कोनी नाही शाळेत. नातू बी नाही इथं. मंग कायले एवढा आटापिटा?"

सगळे चाचांकडे पाहू लागले. चाचा खाली मान घालून बसले होते. मला राहवेना. मी उठले आणि म्हणाले, "मी सांगते."

चाचांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. फक्त मान हलवली, नाही म्हणून. मी बसले. तोंडावर आलेलं बोलणं गिळायची मला सवय नाही. त्या दिवशी गिळलं.

शेवटी कमलबाई उठली. विहाराच्या वेटाळातली, रोजाने जाणारी. "पानी पाचलेच पाहिजे," ती म्हणाली. "सकाळी नळ येत व्हता तवा घरी कोन व्हतं आमच्या? मी कामावर, घरवाला कामावर. पोरगीच व्हती. माही पोरगी यंदा पान्यापायी एक दिवस बी घरी नाही राह्यली. ज्याले म्हशीसाठी सकाळी पाहिजे, त्यानं घरी हौद बांधावा." बाया माना डोलवू लागल्या. मशिदीकडच्या दोघीतिघी "बराबर हाय" म्हणाल्या. उपसरपंचांच्या तोंडचं पाणी पळायच्या आत कमलबाई चाचांकडे वळली. "अन् चाचा, तुम्ही बी ते आटे कमी करनं बंद करा. तुम्ही का कलेक्टर हाये? मी कामावरून येऊन बारीक धारेखाली तासभर बसू काय?"

सगळे हसले. उपसरपंचही हसले, नाइलाजाने. ठराव झाला: पाणी पाच वाजता, प्रत्येक वेटाळाला पूर्ण चौदा आटे, चावी चाचांकडेच. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मुख्याध्यापकांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. चाचांनी मात्र कोणाचे आभार मानले नाहीत, हसलेही नाहीत. चावी उचलली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. मी वह्या तपासत बसले होते. पाणी सोडून चाचा आले आणि वर्गाच्या दारात उभे राहिले. पायातल्या चपला काढल्या. चार वर्षांत ते आत कधी आले नव्हते.

"मॅडम, शबानाच्या वक्ताचा पट असन काय?"

इतके जुने हजेरीपट खरं तर ठेवायचं कारण नसतं. पण आमच्या शाळेत काही फेकायचं तर कोणाची सही लागते हे कोणालाच माहीत नाही, त्यामुळे लोखंडी पेटीत सगळं पडलेलं आहे. अर्धा तास धूळ खाल्ली आणि तिसरीचा पट सापडला. चाचा मुलांच्या बाकावर बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन.

"वाचा," म्हणाले.

"महिन्याची बेरीज सांगते."

"बेरीज नोका सांगू. एक एक दिवस वाचा."

मी शबानाच्या ओळीवर बोट ठेवलं. हजरला रेघ, गैरहजरला शून्य. जूनमध्ये शाळा चारच दिवस भरली होती. हजर, हजर, हजर, हजर. चाचांनी मान हलवली. जुलैचा पहिला आठवडा बरा होता, मग शून्यं सुरू झाली. मी एका सुरात वाचत गेले. गैरहजर. गैरहजर. हजर. गैरहजर. प्रत्येक शब्दाला चाचा ऐकल्यासारखी मान हलवत होते. ऑगस्ट आला. पूर्ण ओळ शून्यांची. पंधरा ऑगस्टलासुद्धा शून्य. निदान झेंड्याच्या दिवशी तरी! मी आयुष्यात हजेरीपटावर एक खोटी रेघ मारलेली नाही. पण त्या माणसाकडे पाहिलं आणि वाचलं, "पंधरा ऑगस्ट, हजर."

"मॅडम."

"काय?"

"खोटं वाचून राह्यले तुम्ही."

मी पटातून डोकं वर केलं नाही.

"त्या दिवशी झेंड्यापाशी तिचं गानं होतं," चाचा म्हणाले. "तिच्या मायनं नवा ड्रेस शिवला होता. टेकडीवाल्यायचं पानी होतं. म्या फाटकातूनच बोलावून नेलं तिले. म्हनलं, चाल, गानं पुढच्या साली म्हनशील." मग म्हणाले, "काही बोलली नाही. नव्या ड्रेसवर टेकडी चढली अन् वरून ओरडली, आलं म्हनून."

बाहेर कुठल्या तरी घरी हंड्यात पाणी पडायला लागलं होतं. "ती हसत होती चाचा, परवा," मी कशीबशी म्हटलं. "तिला राग नाहीये."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तिले राग असता तं बरं झालं असतं."

मग त्यांनी बाकावरून थोडं पुढे सरकून माझ्या बोटाकडे पाहिलं.

"वाचा पुढं. मार्चपर्यंत वाचा. एक दिवस बी सोडू नोका."

मी बोट पंधरा तारखेवर परत ठेवलं, तिथे जे होतं ते वाचलं, आणि सोळापासून पुढे वाचू लागले.